अठरा वर्षांनंतर दाताचा खर्च कोणी करायचा? कोकणातील विद्यार्थी आणि पालकांसाठी मार्गदर्शन

अठरा वर्षे पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला दातांच्या उपचारासाठी पैसे मोजावे लागतात का, या प्रश्नाचे महाराष्ट्रापुरते उत्तर असे आहे की केवळ विद्यार्थी असल्यामुळे कोणतीही सवलत मिळत नाही, आणि वय वाढले म्हणून सरकारी रुग्णालयाचे दार बंदही होत नाही. महाविद्यालयाचे ओळखपत्र एसटीच्या पासाला चालते, दाढेला चालत नाही. खर्च ठरतो तो विद्यार्थी कोणत्या दारात जातो यावर, आई-वडील कोठे नोकरी करतात यावर, आणि सर्वांत अधिक म्हणजे कीड कोठवर पोचल्यावर तो त्या दारात जातो यावर. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयात बरीच वर्षे शिकवले. शिबिरांना आणि क्रीडास्पर्धांना मुलांना घेऊन जाताना गालाला हात लावून रात्र काढणारी मुले मी अनेकदा पाहिली, आणि त्यांतील बहुतेकांनी खर्चाच्या धास्तीने वर्षभर गप्प राहून अखेरीस अधिकच खर्च केला होता.

इंटरनेटवर या प्रश्नाचा शोध घेणाऱ्यांनी एक सावधगिरी बाळगावी. पूर्णवेळ शिक्षण घेणाऱ्यांना एकोणिसाव्या वाढदिवसापर्यंत दंतोपचार मोफत असतात, असे वाक्य तेथे सापडते आणि मुले ते आपल्याकडचेच समजतात. तो नियम इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेचा आहे. तेथे १८ वर्षांखालील सर्वांना आणि पूर्णवेळ शिकत असल्यास १९ वर्षांखालील मुलांना शुल्क पडत नाही; स्कॉटलंडमध्ये ही मर्यादा २६ वर्षांची आहे. पदवीनंतर इंग्लंडला शिकायला जाणारा आपला मुलगा बहुधा एकविशी ओलांडलेला असतो, त्यामुळे या सवलतीत तो बसत नाही, आणि व्हिसाबरोबर भरलेल्या आरोग्य अधिभारामुळे दातांचे शुल्क माफ होत नाही. अशा मुलाने विमानात बसण्यापूर्वी आपले दात येथेच दाखवून घ्यावेत.

अठराच्या आधी काय हातात असते

आपल्याकडे वयाची रेघ आहे, पण ती वेगळ्या ठिकाणी आहे. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे, आणि त्यातील तपासणीच्या यादीत दातांच्या विकारांचाही समावेश आहे. या कार्यक्रमाचे पथक शासकीय आणि अनुदानित शाळांमध्ये वर्षातून एकदा येते, मुलांची तपासणी करते आणि गरज असेल त्यांना पुढे पाठवते. मिळालेली चिठ्ठी मुले दप्तरात ठेवतात आणि पालकांपर्यंत ती पोचतच नाही, असा माझा अनुभव आहे. अकरावी-बारावीतील मुलाच्या पालकांनी पथक येऊन गेले का आणि चिठ्ठी मिळाली का, हे वर्गशिक्षकांना विचारावे, आणि ती चिठ्ठी घेऊन अठरावे वर्ष संपण्यापूर्वीच रुग्णालय गाठावे. त्यानंतर आपल्या दाताची आठवण करून द्यायला कोणतेही पथक येत नाही.

सरकारी रुग्णालयात जाताना

१५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार सर्वांसाठी निःशुल्क झाले आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय आणि उपजिल्हा रुग्णालय ही सर्व त्यात येतात, आणि उत्पन्नाचा दाखला किंवा वयाची अट त्यासाठी नाही. मात्र हा निर्णय त्या एका विभागापुरता आहे. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये त्यात नाहीत. कोकणात हा भेद महत्त्वाचा आहे, कारण अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग येथे गेल्या काही वर्षांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये सुरू झाली असून जिल्हा रुग्णालये त्यांना जोडलेली आहेत. तेथे जाणाऱ्याने केसपेपर काढतानाच शुल्क आहे का, असल्यास कोणत्या गोष्टीचे आहे, हे विचारून घ्यावे. शुल्क असले तरी ते खासगी दवाखान्याच्या तुलनेत थोडे असते, तेव्हा एवढ्या कारणाने परत फिरू नये.

दंतविभाग प्रत्येक सरकारी दवाखान्यात नसतो, हे मात्र आधीच ध्यानात घ्यावे. प्राथमिक आरोग्य केंद्रात दुखण्यावर गोळ्या आणि पुढे जाण्याची चिठ्ठी मिळते. दाताची खुर्ची साधारणपणे उपजिल्हा रुग्णालयात आणि काही ग्रामीण रुग्णालयांत असते. कामथे, कळंबणी, दापोली, कणकवली, सावंतवाडी, शिरोडा, माणगाव ही आपल्या किनारपट्टीतील उपजिल्हा रुग्णालयांची ठिकाणे आहेत. जिल्हा आणि त्याखालील रुग्णालयांत दंतविभाग उभे करण्यासाठी २०१४-१५ पासून राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातून मदत मिळते. परंतु कागदावर विभाग असणे आणि मंगळवारी सकाळी दहा वाजता खुर्चीपाशी डॉक्टर असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. एकदा एका विद्यार्थ्याला घेऊन मी दोन एसटी बदलून एका रुग्णालयात पोचलो, तर दंतवैद्य हजर होते आणि खुर्चीचा कॉम्प्रेसर आठवडाभर बंद होता. त्या बिचाऱ्यांनी दाढ पाहिली, गोळ्या दिल्या आणि क्षमा मागितली. तेव्हापासून निघण्यापूर्वी फोन करून तीन गोष्टी विचाराव्यात असे मी सांगतो: दंत शल्यचिकित्सक आज आहेत का, खुर्ची आणि एक्स-रे यंत्र चालू आहे का, आणि रूट कॅनाल तेथे होते का.

बाह्यरुग्ण विभाग मुख्यतः सकाळी चालतो आणि केसपेपरची खिडकी त्याहून लवकर बंद होते, म्हणून पहिल्या गाडीने निघणे बरे. बरोबर आधार कार्ड, शिधापत्रिकेची प्रत आणि पूर्वीची औषधे किंवा एक्स-रे असल्यास ते घ्यावेत. कोणत्या औषधाने पुरळ उठते, दमा आहे का, फेफरे येतात का, हे डॉक्टरांनी विचारण्यापूर्वीच सांगावे. बाहेरून औषध किंवा साहित्य आणण्यास सांगितले गेल्यास वैद्यकीय अधीक्षकांना भेटून शांतपणे विचारावे. तेथे समाधान झाले नाही तर १०४ या आरोग्य सेवेच्या निःशुल्क क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

मुंबई-पुण्यात शिकणारी मुले गणपतीला गावी येतात आणि याच सुट्टीत दाताचे काम उरकून घेऊ म्हणतात. रविवारी आणि शासकीय सुट्टीच्या दिवशी बाह्यरुग्ण विभाग बंद असतो, शिवाय रूट कॅनालला दोन-तीन फेऱ्या लागू शकतात. त्यासाठी दिवाळीची किंवा उन्हाळ्याची लांब सुट्टी योग्य ठरते. प्रवासखर्चाचा विचारही येथेच करावा, कारण उपचार निःशुल्क असला तरी तीन फेऱ्यांचे भाडे घरातूनच जाते. विद्यार्थ्याचा मासिक पास घर ते महाविद्यालय एवढ्याच मार्गाला चालतो. मुलींना मात्र मार्च २०२३ पासून एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत आहे आणि तिचा लाभ घ्यावा.

कीड कोठवर गेली आहे

पैशाचा खरा हिशेब येथे आहे, म्हणून हा भाग थोडा विस्ताराने लिहितो. दाताचे वरचे पांढरे कवच कठीण असते आणि त्यात जाणीव नसते. कीड तेवढ्यातच असेल तोवर दुखत नाही, फार तर काळा ठिपका दिसतो किंवा धाग्यासारखे काही अडकते. कीड कवचाखालच्या मऊ थरात उतरली की थंड पाणी किंवा गोड पदार्थ क्षणभर झोंबतो आणि पाणी गिळताच कळ थांबते. या टप्प्यावर कीड काढून सिमेंट भरणे पुरेसे असते, ते काम बहुधा एका बैठकीत होते, आणि उपजिल्हा रुग्णालयातील दंतवैद्य ते सहज करू शकतात. म्हणजे या टप्प्यावर गेलेल्या विद्यार्थ्याला एसटीच्या भाड्याखेरीज काहीही लागत नाही.

कळ काही मिनिटे टिकू लागली, गरम चहाने वाढू लागली, रात्री आडवे झाल्यावर ठणका बसू लागला, की कीड दाताच्या आतल्या नसेला जाऊन पोचली असे समजावे. आता दाढ राखायची तर रूट कॅनाल लागते. काही सरकारी रुग्णालयांत ते होते, अनेक ठिकाणी होत नाही, आणि जेथे होते तेथेही त्यावर बसवायची कॅप सहसा मिळत नाही. नस काढलेली दाढ ठिसूळ होते, त्यामुळे चावण्याच्या दाढेवर कॅप टाळणे म्हणजे सहा महिन्यांनी सुपारी फोडताना ती उभी चिरण्याची तयारी करणे होय. या टप्प्यावर गेलेल्याला थोडा तरी खर्च बहुतेक येतोच.

यापुढचा टप्पा फसवा आहे. एके दिवशी ठणका आपोआप थांबतो आणि मुलगा सांगतो, बरे वाटते आहे. नस मेलेली असते, म्हणून वेदना थांबलेली असते. मुळाशी पू मात्र साठत राहतो आणि परीक्षेच्या आठवड्यात गाल सुजून वर येतो. आतापर्यंत जिने फक्त सूचना दिली ती दाढ आता काढून टाकण्याचा सल्ला मिळू शकतो, आणि दाढ काढणे सरकारी रुग्णालयात निःशुल्क असल्यामुळे घरात सर्वांना तो मार्ग सोपा वाटतो. माझे मत विचाराल तर एकोणिसाव्या वर्षी चावण्याची दाढ निःशुल्क काढून घेणे हा सर्वांत महागडा फुकटचा उपचार आहे, कारण त्या जागेकडे शेजारच्या दाढा कलतात, समोरची दाढ खाली येते, आणि पुढे तेथे दात बसवायचा तर एका रूट कॅनालच्या कितीतरी पट पैसे लागतात. दाढ वाचण्याजोगी आहे का, हा प्रश्न काढण्यापूर्वी डॉक्टरांना स्पष्टपणे विचारावा आणि वाचण्याजोगी असेल तर थोडे पैसे उभे करण्यासाठी आठ दिवस मागून घ्यावेत.

अक्कलदाढेला हा न्याय लागू नाही. ती साधारण सतरा ते पंचवीस या वयात, म्हणजे नेमकी शिक्षणाच्या काळात येते, आणि जबड्यात जागा कमी असेल तर आडवी अडकून हिरडी सुजवते. तोंड पूर्ण उघडत नाही, घास गिळताना दुखते. एक्स-रे पाहून ती ठेवायची की काढायची हे ठरते. सरळ आलेली दाढ उपजिल्हा रुग्णालयात काढता येते. हाडात रुतलेल्या दाढेसाठी मुख शल्यचिकित्सक लागतो आणि त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा दंत महाविद्यालयात जावे लागते.

दुखऱ्या दाढेपाशी मिश्री दाबून धरणे, हिरडीवर ॲस्पिरीनची गोळी ठेवणे आणि मित्राच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेणे, हे तीन प्रकार कोकणातल्या वसतिगृहांत मी पुष्कळ पाहिले आहेत. गोळीने हिरडी भाजते आणि मिश्रीने पुढचे दुखणे मागे लागते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी मुलांना तो मिळतो, हे आपण सर्व जाणतो. गुटखा किंवा सुपारी खाणाऱ्या मुलाने आपली तीन बोटे उभी धरून तोंडात जातात का ते पाहावे. जात नसतील किंवा तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, तर दात दुखत नसले तरी त्याच दंतविभागात लगेच दाखवावे.

जन आरोग्य योजनेबद्दलचा गैरसमज

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, हे ऐकून अनेक पालक रूट कॅनालसाठी अंगीकृत रुग्णालयात जातात आणि हिरमुसून परततात. ही योजना ठरावीक आजारांच्या आणि शस्त्रक्रियांच्या यादीवर चालते आणि मुख्यतः भरती होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. सिमेंट भरणे, दात साफ करणे, रूट कॅनाल, कॅप, तारा यांसाठी तिचा उपयोग होत नाही. मोटारसायकलच्या अपघातात जबडा मोडला आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर मात्र रुग्णालयात या योजनेचे काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटून शिधापत्रिका आणि ओळखपत्र दाखवावे. खासगी आरोग्य विम्याचीही गत जवळपास तीच आहे: अपघातामुळे भरती होऊन करावा लागलेला दंतोपचार बहुतेक पॉलिसींत धरला जातो, नेहमीचा धरला जात नाही.

आई-वडिलांच्या नोकरीमुळे मिळणारे हक्क

हे हक्क घरात असूनही विसरले जातात. वडिलांच्या किंवा आईच्या पगारातून ईएसआयची (कर्मचारी राज्य विमा योजनेची) कपात होत असेल, म्हणजे मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर शिकत असलेल्या अवलंबित मुलाला २१ वर्षे पूर्ण होईपर्यंत आणि अविवाहित अवलंबित मुलीला त्यानंतरही वैद्यकीय लाभ मिळतो, आणि त्यात दंतोपचारही येतात. रायगडातील औद्योगिक वसाहतींत काम करणाऱ्या कुटुंबांनी पगारपत्रक काढून ही कपात पाहावी आणि मुलाचे नाव कुटुंबाच्या नोंदीत आहे याची खात्री करून घ्यावी. विद्यार्थी स्वतः कंपनीत काम करत शिकत असेल आणि त्याच्याच पगारातून कपात होत असेल, तर तो स्वतः विमाधारक असतो आणि वयाचा प्रश्नच येत नाही.

कोकणात माजी सैनिकांची घरे पुष्कळ आहेत. २००३ साली सुरू झालेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत मुलगा कमावता होईपर्यंत, त्याचे लग्न होईपर्यंत किंवा तो २५ वर्षांचा होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, लाभार्थी राहतो. मुलीचा हक्क ती कमावती होईपर्यंत किंवा तिचे लग्न होईपर्यंत टिकतो. या योजनेच्या दवाखान्यांत, म्हणजे पॉलिक्लिनिकमध्ये, दंतवैद्य असतात. अठरा पूर्ण झाल्यावर हक्क संपला असे समजून कार्ड कपाटात ठेवून दिलेली दोन घरे मला माहीत आहेत.

दंत महाविद्यालयाचा मार्ग

ज्यांना निःशुल्क मिळत नाही आणि खासगी परवडत नाही त्यांच्यासाठी हा मधला मार्ग आहे. खेड येथे योगिता दंत महाविद्यालय आहे. खारघर, कामोठे, नेरूळ येथे अनेक खासगी दंत महाविद्यालये आहेत. मुंबईत सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलला महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय आहे. तेथे वरच्या वर्गातील विद्यार्थी आणि प्रशिक्षणार्थी डॉक्टर अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात, त्यामुळे दर कमी असतो आणि वेळ अधिक लागतो. जे काम खासगी दवाखान्यात तासाभरात होते त्यासाठी तेथे अर्धा दिवस धरावा. घाईने करण्यापेक्षा दहा वेळा अध्यापकांना दाखवून केलेले काम मला तरी अधिक विश्वासाचे वाटते. दातांना तारा लावायच्या असतील तर हा मार्ग विशेष उपयोगी आहे, मात्र तारांसाठी दीड-दोन वर्षे दर महिन्याला जावे लागते, म्हणून ज्या गावात शिक्षण चालू आहे त्याच्या जवळचे महाविद्यालय निवडावे. सावंतवाडी-दोडामार्गकडील लोकांना बांबोळीचे गोवा दंत महाविद्यालय जवळ पडते. ते दुसऱ्या राज्याचे असल्यामुळे गोव्याबाहेरच्या रुग्णांना कोणता दर लागू आहे हे आधी विचारून मगच निघावे.

खासगी दवाखान्यात

खासगीत जायचेच ठरले तर उपचार सुरू होण्यापूर्वी खर्च कागदावर मागावा, आणि त्यात तपासणी, एक्स-रे, रूट कॅनाल, कॅप असे भाग वेगळे लिहून घ्यावेत. कॅप कोणत्या साहित्याची आहे यावर आकडा पुष्कळ बदलतो. मागच्या दाढेला धातूची साधी कॅप चालते का, असे विचारण्यात लाजण्यासारखे काही नाही. विद्यार्थी असल्याचे सांगून हप्त्यांची विनंती करावी. तालुक्याच्या गावी ओळखपाळख असते आणि बहुतेक डॉक्टर ऐकतात. दंतवैद्याची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असणे कायद्याने बंधनकारक आहे, तेव्हा आठवडी बाजारात खुर्ची टाकून स्वस्तात दात बसवणाऱ्याकडे पैसे वाचवायला जाऊ नये.

पैशाचा विचार बाजूला ठेवण्याचे दोन प्रसंग आहेत. सूज गालावरून हनुवटीखाली किंवा गळ्याकडे उतरली, ताप आला, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर तो दंतविभाग उघडण्याची वाट पाहण्याचा आजार नाही. १०८ ला फोन करून रात्रीच मोठे रुग्णालय गाठावे. दुसरा प्रसंग कबड्डीच्या मैदानावरचा किंवा गाडीवरून पडल्याचा. अख्खा दात मुळासकट निघाला तर तो पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, हलकेच धुऊन शक्य असल्यास त्याच जागी बसवावा, नाहीतर दुधात ठेवून अर्ध्या-एक तासाच्या आत दंतवैद्याकडे पोचावे. असा दात पुन्हा धरू शकतो. त्यानंतर दुसऱ्या दिवशी महाविद्यालयाच्या कार्यालयात विद्यार्थ्यांचा सामूहिक अपघात विमा काढलेला आहे का ते विचारावे, आणि असल्यास केसपेपर, एक्स-रे व पावत्यांच्या मूळ प्रती देण्यापूर्वी त्यांच्या झेरॉक्स काढून घरी ठेवाव्यात.